खालच्या पायऱ्या

खाणीचा मॅनेजर कोणी व्हायचं, हे एकट्या खाणमालकाच्या हातात नसतं. त्यावर धनबादचा शिक्का लागतो. केंद्र सरकारचं खाण सुरक्षा महासंचालनालय तिथे आहे. ते परीक्षा घेतं, उमेदवारानं कुठल्या खाणीत किती काळ काय काम केलं याचे दाखले तपासतं आणि मगच पात्रतेचं प्रमाणपत्र देतं. कोळसा खाणीत तळाला मायनिंग सरदार, त्याच्यावर ओव्हरमन, मग दुसऱ्या वर्गाचा मॅनेजर आणि सर्वांत वर पहिल्या वर्गाचा मॅनेजर, अशी ही चढण. त्यात एक मेख आहे. जमिनीखालच्या कामाचा अनुभव नसेल, तर मिळणारं प्रमाणपत्र फक्त उघड्या खाणींपुरतं चालतं.

हा अनुभव म्हणजे नेमकं काय, हे सरदाराच्या कामावरून कळतं. कामगार आत येण्याआधी तो कामाची जागा तपासतो. हातातल्या काठीनं छत ठोकतो. दगड घट्ट असेल तर खणखणीत आवाज येतो. वरचा थर सुटत आला असेल तर बद्द. मग मिथेन वायू किती साचलाय ते मोजतो, हवा खेळती आहे ना ते बघतो आणि सगळं ठीक असेल तरच माणसांना आत सोडतो. छताचा आवाज ओळखायला पुस्तकं वाचून येत नाही. त्यासाठी खाली उतरावं लागतं, तेही रोज.

आणि खाली उतरायलाच बाईला बंदी होती. १९५२च्या खाण कायद्याच्या ४६व्या कलमानं स्त्रियांना जमिनीखाली काम करायला मनाई केली. जमिनीवरच्या कामालाही सकाळी ६ ते संध्याकाळी ७ ही मर्यादा घातली. खाली जायचं नाही म्हणजे अनुभव नाही, अनुभव नाही म्हणजे पूर्ण प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्र नाही म्हणजे मॅनेजरची खुर्ची नाही. बाई किती हुशार, किती धीट, तिच्यात नेतृत्वगुण आहेत की नाहीत, हे विचारायची वेळच येत नव्हती.

‘पुरुषी’ समजल्या जाणाऱ्या उद्योगांत बायका वरच्या जागी का दिसत नाहीत, या प्रश्नाची चर्चा बहुधा आत्मविश्वास, मानसिकता, घरच्यांचा पाठिंबा अशा शब्दांत होते. ते सगळं असतंच. पण खाण, कारखाना, रेल्वे, जहाज यांचा एक स्वभाव आहे : इथला अधिकार खालून वर येतो. हेल्पर, ऑपरेटर, चार्जहँड, फोरमन, सुपरिंटेंडंट, मॅनेजर. प्रत्येक टप्प्यावर काही तास, काही पाळ्या, काही परीक्षा भराव्या लागतात. मधली एक पायरी काढून घेतली, की वरच्या सगळ्या आपोआप बंद होतात. स्त्रियांच्या बाबतीत या पायऱ्या कोणी, कधी आणि का काढल्या, आणि त्या परत बसवल्यावर काय झालं, हे या प्रकरणात पाहू.

आधी होत्या, मग नव्हत्या

भारतातल्या कोळसा खाणी सुरुवातीपासून पुरुषांच्या नव्हत्या. झरिया आणि राणीगंजच्या पट्ट्यात जोडप्यानं कामाला जायची रीत होती. नवरा कोळसा फोडायचा, बायको तो टोपलीत भरून टबापर्यंत वाहून न्यायची. १९२०च्या सुमाराला कोळसा खाणींतल्या मजुरांत एक तृतीयांशाहून अधिक स्त्रिया होत्या. १९२९च्या नियमांनी त्यांना जमिनीखालून टप्प्याटप्प्यानं बाहेर काढायचं ठरलं. १९३५ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं स्त्रियांच्या भूमिगत कामाविरुद्ध करार केला आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत भारतातली ही बंदी पूर्ण झाली.

त्यामागचा हेतू वाईट नव्हता. खाणी भयंकर होत्या. अंधार, ओल, कोसळणारी छतं, त्यात बाळंतपणाच्या तोंडावर आलेल्या बायका. पण भयंकर तर त्या पुरुषांसाठीही होत्या. खाणी सुरक्षित करण्यापेक्षा बायकांना बाहेर काढणं स्वस्त होतं. शिवाय बाहेर काढल्यावर त्यांच्या पोटापाण्याचं काय, याचं उत्तर कोणी दिलं नाही. जोडप्याच्या कमाईतली एक मजुरी गेली.

ही बंदी किती सोयीची होती, ते दुसऱ्या महायुद्धात दिसलं. कोळसा कमी पडायला लागला, तसं १९४३ साली सरकारनं बायकांना पुन्हा खाली उतरवलं. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. फेब्रुवारी १९४४मध्ये केंद्रीय विधिमंडळात या निर्णयावर टीका झाली, तेव्हा हा युद्धकाळापुरता नाइलाज आहे हे त्यांनी सांगितलं आणि एका गोष्टीवर बोट ठेवलं : खाली उतरणाऱ्या स्त्रीला त्याच कामासाठी पुरुषाइतकीच मजुरी मिळेल. समान कामाला समान वेतन हे तत्त्व तोवर आपल्याकडच्या उद्योगांत रुजलेलं नव्हतं. युद्ध संपलं आणि १९४६ साली बंदी परत आली. गरज असली की बाईला सगळं झेपतं, गरज सरली की ती नाजूक होते, असा हा हिशेब.

मुंबईच्या गिरण्यांत चित्र थोडं वेगळं होतं, शेवट मात्र तोच. १९२०च्या दशकात गिरण्यांतल्या साधारण दर पाच कामगारांत एक बाई होती. बहुतेक जणी वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत, उक्त्या दरानं काम करायच्या. त्यांच्यावर देखरेखीला नायकीण असायची. पुरुषांच्या खात्यात जॉबरची जी वट होती, तीच हिची. कामावर कोणाला घ्यायचं, कोणाचा खाडा धरायचा, कोणाला रजा द्यायची यात तिचा शब्द चालायचा. तिचा धाक होता आणि तिच्याबद्दल तक्रारीही होत्या. म्हणजे बायकांना हुकूम देता येत नाही, माणसं हाताळता येत नाहीत, हे गिरणगावात कोणी म्हणू शकलं नसतं. पण नायकिणीची सत्ता बायकांच्या खात्यापुरती होती. तिथून स्पिनिंग मास्तर किंवा वीव्हिंग मास्तरकडे जाणारी वाट नव्हती. पुढे यंत्रं बदलली, कामं घटली, आणि पहिली कुऱ्हाड वाइंडिंग-रीलिंगवर पडली. १९६१पर्यंत गिरण्यांतल्या स्त्रियांचं प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली आलं होतं. खातं गेलं तशी नायकीणही गेली.

रात्रपाळीचं कुलूप

१९४८च्या कारखाना कायद्याच्या ६६व्या कलमानं स्त्रियांच्या कामाची वेळ सकाळी ६ ते संध्याकाळी ७ अशी बांधली. राज्य सरकारांना यात थोडी सूट देता येत होती, पण रात्री १० ते पहाटे ५ ही वेळ कुठल्याही परिस्थितीत वर्ज्य. याच कायद्याचं २२वं कलम सांगत होतं की, चालू स्थितीतल्या मुख्य यंत्राची किंवा शक्ती वाहून नेणाऱ्या भागांची साफसफाई, वंगण, जुळणी यांना बाईनं हात लावायचा नाही. या दोन कलमांचा एकत्र परिणाम काय व्हायचा, ते शॉप फ्लोअरवर उभं राहिल्याशिवाय लक्षात येत नाही.

तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्यात पाळ्या फिरत्या असतात. या आठवड्यात पहिली, पुढच्या आठवड्यात दुसरी, मग रात्रपाळी. सुपरवायझरनं आपल्या माणसांबरोबर फिरायचं असतं. जो फक्त दिवसाच येऊ शकतो, त्याला सुपरवायझर करणं मॅनेजरला परवडत नाही. दुसरी गोष्ट शिकण्याची. दिवसा सगळे साहेब हजर असतात. मेंटेनन्सचे इंजिनिअर असतात, स्टोअर उघडं असतं, व्हेंडरचा माणूस फोनवर मिळतो. रात्री दोन वाजता प्रेस बंद पडला, तर तिथे असलेल्या दोन-तीन माणसांनाच ठरवायचं असतं : लाइन थांबवायची, की तात्पुरती दुरुस्ती करून ओढायची? कोणता पार्ट कुठल्या मशीनचा काढून इथे लावायचा? साहेबाला उठवायचं की नाही? फोरमन घडतो तो असल्या रात्रींतून. कायद्यानं बाईला या रात्री दिल्या नाहीत, आणि मग तिच्याकडे ब्रेकडाउनचा अनुभव नाही म्हणून तिला बढती नाकारली.

१९७४ साली पुण्याच्या टेल्कोच्या जाहिरातीत महिलांनी अर्ज करू नयेत अशी सूचना होती आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकणाऱ्या सुधा कुलकर्णी या मुलीनं थेट जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं, ही गोष्ट मराठी वाचकाला पाठ आहे. ती मुलगी म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती. त्यांना बोलावणं आलं, मुलाखत झाली, नोकरी मिळाली. ही गोष्ट सांगताना पोस्टकार्डाचं कौतुक होतं आणि ते रास्तच आहे. पण त्या पोस्टकार्डानं एक दार एकीसाठी उघडलं. ६६वं कलम तिथल्या तिथेच राहिलं, आणि पोस्टकार्ड न लिहिणाऱ्या शेकडो डिप्लोमावाल्या मुलींना त्याचा अडसर होताच.

तो पहिल्यांदा जोरात हलला डिसेंबर २०००मध्ये. वसंता विरुद्ध भारत सरकार या खटल्यात मद्रास उच्च न्यायालयानं रात्रपाळीची बंदी घटनाविरोधी ठरवली. नुसती बंदी उठवून न्यायालय थांबलं नाही. वाहतूक, स्वच्छतागृहं, स्त्रियांची पुरेशी संख्या अशा अटीही घातल्या. महाराष्ट्रानं २०१५ साली कारखाना कायद्यात दुरुस्ती करून स्त्रियांना सुरक्षेच्या अटींसह रात्रपाळीची मुभा दिली. २०२०च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनं स्त्रियांना सर्व प्रकारच्या आस्थापनांत, सर्व प्रकारच्या कामांसाठी आणि त्यांच्या संमतीनं रात्रीही कामावर घेता येईल, असं म्हटलं. ती नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झाली. १९४८पासून धरलं तर हे कुलूप निघायला पाऊणशे वर्षं लागली.

असिस्टंट ते मेल

पायऱ्या शाबूत असल्या तर काय होतं, याचं सर्वांत सुरेख उदाहरण साताऱ्याचं आहे. सुरेखा यादव या शेतकऱ्याच्या घरातल्या. कराडच्या शासकीय तंत्रनिकेतनातून त्यांनी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केला, रेल्वेची परीक्षा दिली आणि कल्याणच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये दाखल झाल्या. १९८९ साली त्या सहायक चालक झाल्या. इंजिनचालकाच्या कामाला बाई घ्यायची नाही असा कुठलाही कायदा नव्हता. फक्त त्या रांगेत आजवर कुणी बाई उभी राहिली नव्हती.

रेल्वेत चालकाची वाट आखलेली असते. आधी सहायक. सिग्नल दिसला की तो मोठ्यानं त्याचा रंग सांगतो, चालक तो परत म्हणतो. दोघांचं एकमत झाल्याशिवाय गाडी पुढे जात नाही. मग शंटिंग, मग मालगाडी, मग पॅसेंजर, मग मेल-एक्स्प्रेस. मालगाडीतल्या वर्षांना प्रवाशांच्या लेखी किंमत नसते, पण चालक तिथेच तयार होतो. गाडीला वेळापत्रक नसतं, बोलावणं रात्री-अपरात्री येतं, वाघिणी भरलेल्या असतात आणि थांबायला लागणारं अंतर रिकाम्या गाडीपेक्षा कितीतरी जास्त असतं.

यादव १९९६ साली मालगाडीच्या चालक झाल्या. २००० साली मुंबईत त्यांनी लेडीज स्पेशल लोकल चालवली. मग घाट. कर्जत ते लोणावळा या बोरघाटात चढ १:३७ इतका तीव्र आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की गाडी १ मीटर वर चढते. एकट्या इंजिनाला हे ओझं झेपत नाही, म्हणून गाडीच्या मागे बँकर इंजिनं जोडतात. पुढचा चालक ओढतो, मागचे ढकलतात, आणि दोघांचा ताल चुकला तर मधल्या डब्यांच्या जोडांवर ताण येतो. उतरताना प्रश्न उलटा : वेग वाढू द्यायचा नाही. ब्रेक फार वापरला तर तापतो, कमी वापरला तर गाडी हाताबाहेर जाते. घाटासाठी चालकाला वेगळं शिक्षण घ्यावं लागतं. ते घेऊन ८ मार्च २०११ रोजी यादव यांनी पुण्याहून डेक्कन क्वीन मुंबईला आणली. त्याच वर्षी त्या मेल-एक्स्प्रेसच्या चालक झाल्या. १३ मार्च २०२३ रोजी सोलापूर ते मुंबई वंदे भारत त्यांनी चालवली आणि सप्टेंबर २०२५च्या अखेरीला त्या निवृत्त झाल्या.

१९८९ ते २०११ : सहायकापासून मेलच्या चालकापर्यंत यायला २२ वर्षं. वर्तमानपत्रांत छायाचित्र येतं ते बाविसाव्या वर्षी. आणखी एक गोष्ट छायाचित्रात येत नाही. कल्याणच्या चालक प्रशिक्षण केंद्रात यादव यांनी प्रशिक्षक म्हणूनही काम केलं. गाडी चालवणं हे कौशल्य झालं. पण हा मुलगा चालक व्हायला लायक आहे का, हे ठरवण्यात तुमचा शब्द चालतो, तेव्हा त्या व्यवसायात तुम्ही वरिष्ठ होता. यंत्रावर काम करणाऱ्यांत मोठेपण असंच ओळखलं जातं.

समुद्रावरही हिशेब असाच आहे. तिथे पात्रता ठरते ती जहाजावर भरलेल्या महिन्यांवर आणि परीक्षांवर. केरळच्या राधिका मेनन भारतीय नौवहन महामंडळात रेडिओ ऑफिसर म्हणून लागल्या. ही पायरी कॅप्टनच्या खुर्चीकडे जात नाही. म्हणून त्यांनी डेकची वाट धरली, तिथल्या परीक्षा दिल्या आणि २०१२ साली भारतीय व्यापारी नौदलातल्या पहिल्या महिला कॅप्टन झाल्या. जून २०१५मध्ये बंगालच्या उपसागरात त्यांच्या ‘संपूर्ण स्वराज्य’ या तेलवाहू जहाजाला ‘दुर्गम्मा’ ही भरकटलेली मच्छीमार नौका दिसली. खवळलेल्या समुद्रात दोन प्रयत्न फसले, तिसऱ्या प्रयत्नात सातही मच्छीमार वर घेतले. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. पण अवाढव्य टँकर लाटांत एका होडीजवळ नेऊन स्थिर ठेवायचा, हा निर्णय धाडसाचा असतो तितकाच सरावाचा. आधीच्या वर्षांत ब्रिजवर उभं राहून काढलेले वॉच त्या दिवशी कामाला आले.

तिघींची अट

खाणींकडे परत येऊ. बंदी असतानाही काही जणी कडेकडेनं वाट काढत होत्या. नागपूरच्या चंद्राणी प्रसाद वर्मा यांना खाण अभियांत्रिकीच्या पदवीला प्रवेश मिळवण्यासाठी १९९०च्या दशकात न्यायालयात जावं लागलं. पुढे त्या खाण संशोधनात स्थिरावल्या. शिकायचं, पण खाली जायचं नाही, अशी ती विचित्र स्थिती होती.

जानेवारी २०१९च्या आदेशानं केंद्र सरकारनं ४६व्या कलमातून सूट दिली. उघड्या खाणींत स्त्रियांना रात्रीही काम करता येईल. भूमिगत खाणींत सकाळी ६ ते संध्याकाळी ७ या वेळेत तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या कामांवर त्यांना नेमता येईल. लेखी संमती हवी, आणि एका पाळीत किमान तिघी हव्यात.

तिघींची ही अट वाचताना शहाणपणाची वाटते. एकटीला अंधारात पाठवू नये, हे कोणालाही पटेल. पण ती अमलात कशी येते ते पाहा. ज्या खाणीत एकच महिला इंजिनिअर आहे, तिला पाळीवर लावायला आणखी दोघी हव्यात. म्हणजे पहिली नेमणूक करतानाच कंपनीला गट उभा करावा लागतो. ज्यांनी तो विचार केला त्यांना अट सोपी गेली. ज्यांना काही करायचंच नव्हतं, त्यांना छान सबब मिळाली.

टाटा स्टीलनं झारखंडमधल्या नोआमुंडीच्या लोहखनिज खाणीत २०१९पासूनच स्त्रियांना सर्व पाळ्यांत आणलं आणि पुढे आसपासच्या गावांतल्या मुलींना डंपर, शॉव्हेल, ड्रिल अशी अवजड यंत्रं चालवायला शिकवलं. २०२१ साली दोन महत्त्वाच्या गोष्टी घडल्या. हिंदुस्थान झिंकच्या राजस्थानातल्या भूमिगत खाणींत संध्या रसकतला आणि योगेश्वरी राणे या मॅनेजर झाल्या. आणि सेंट्रल कोलफील्ड्सच्या झारखंडमधल्या चुरी भूमिगत खाणीत आकांक्षा कुमारी रुजू झाल्या. त्याआधी त्यांनी राजस्थानातल्या धातूखाणीत काम केलं होतं. आदेश निघाल्यापासून दोन-तीन वर्षांत इतकं घडू शकलं, कारण या मुली आधीपासून तयार होत्या. खोळंबा कुवतीचा नव्हताच.

वरच्या खुर्च्यांकडे जाणाऱ्या दोन वाटा

एक प्रश्न कुणी विचारेल : मग मोठमोठ्या औद्योगिक कंपन्यांच्या प्रमुखपदी बायका आल्या त्या कशा? निशी वासुदेव २०१४ साली हिंदुस्थान पेट्रोलियमच्या प्रमुख झाल्या. सोमा मंडल २०२१च्या पहिल्या दिवशी ‘सेल’ या पोलाद कंपनीच्या अध्यक्षपदी बसल्या. २०२३ साली जया वर्मा सिन्हा रेल्वे बोर्डाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या. तिघींचं कर्तृत्व निर्विवाद आहे. पण त्यांच्या वाटा पाहिल्या तर एक गोष्ट दिसते. वासुदेव मार्केटिंगच्या संचालक होत्या, मंडल इलेक्ट्रिकल इंजिनिअर असल्या तरी वाणिज्य विभागाच्या संचालक होत्या, सिन्हा वाहतूक सेवेतल्या. ब्लास्ट फर्नेस, रोलिंग मिल, लोकोशेड या वाटांनी बाई शिखरावर जाणं अजून दुर्मीळ आहे. विक्री, मनुष्यबळ, नियोजन या खात्यांत रात्रपाळीची आणि मशीनवरच्या तासांची अट नसते, म्हणून तिथल्या पायऱ्या कधी तुटलेल्या नव्हत्या.

याला जुना अपवाद आहे तो सरकारी बांधकाम खात्याचा. मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयात १९४०च्या सुमाराला मुलींना प्रवेश मिळाला. ए. ललिता १९४३ साली इलेक्ट्रिकलची पदवी घेऊन बाहेर पडल्या. त्यांच्या पाठोपाठ लीलम्मा जॉर्ज आणि पी. के. थ्रेसिया स्थापत्य अभियंता झाल्या. थ्रेसिया कोचीनच्या बांधकाम खात्यात लागल्या आणि एकेक पद चढत १९७१ साली केरळच्या मुख्य अभियंता झाल्या. कारखान्यातल्या बाईला त्या काळी जे मिळालं नाही ते थ्रेसियांना कसं मिळालं? एक कारण साधं आहे : त्यांच्या खात्यात ज्येष्ठतेची यादी होती. कोण कोणाच्या पुढे, हे कागदावर लिहिलेलं होतं आणि ते डावलायला कारण द्यावं लागायचं. खासगी कारखान्यात फोरमन कोणाला करायचं हे साहेबाच्या मर्जीवर असतं, आणि मर्जीला कारण लागत नाही.

दुसरी वाट स्वतःची कंपनी काढायची. पूल-अभियंते एस. बी. जोशी यांची मुलगी शकुंतला १९५३ साली व्हीजेटीआयमधून स्थापत्य अभियंता झाली. शकुंतला भगत यांनी पती अनिरुद्ध यांच्याबरोबर क्वाड्रिकॉन ही पुलांची पद्धत विकसित केली. ठरावीक मापांचे सुटे पोलादी भाग आणि ते जोडणारी खास बनावट, यांतून हव्या त्या लांबी-रुंदीचा पूल उभा करता येतो. नव्या पद्धतीवर पैसा लावायला सरकारी खाती सहजासहजी तयार नव्हती. १९७२ साली हिमाचलच्या स्पितीत पहिला पूल उभा राहिला आणि मग हिमालयात मागणी वाढत गेली. पण ही वाट ज्यांच्या घरात पूल बांधणारा बाप आणि हाताशी थोडं भांडवल आहे, त्यांची. दहावीनंतर आयटीआयला जाणाऱ्या मुलीला ती सांगून उपयोग नाही.

बूट, बस आणि ब्रेकडाउन

आयटीआयच्या मुलीपाशीच खरा प्रश्न येऊन थांबतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत. पण मुलींची गर्दी शिवण, ब्यूटी आणि संगणकाच्या ट्रेडकडे. फिटर, टर्नर, वेल्डरच्या वर्गात त्या विरळ. त्यातून एखादी फिटर झाली आणि चाकण-रांजणगावच्या कंपनीत लागली, की तिची गाठ पडते ती भाषणांत न येणाऱ्या गोष्टींशी. सेफ्टी शूज सर्वांत लहान मापाचे मागवले तरी तिला ढिले होतात, आणि ढिला बूट यंत्राजवळ घातक असतो. हातमोजे मोठे असले की पकड सुटते. खांबावर किंवा उंचीवर काम असेल तर हार्नेसचे पट्टे पुरुषाच्या अंगाच्या बेतानं बेतलेले. रात्री साडेअकराला सुटणाऱ्या पाळीला कंपनीची बस गावाच्या फाट्यापर्यंत येते. फाटा ते घर हा दीड-दोन किलोमीटरचा रस्ता कोणाच्याच यादीत नसतो. जुन्या रेल्वे इंजिनांत तर स्वच्छतागृहच नाही. कितीतरी महिला सहायक चालक पुढे कार्यालयीन कामाकडे वळतात, त्यामागचं हे एक मोठं कारण आहे. त्या वळल्या, की मेल-एक्स्प्रेसच्या चालकांची संख्या वीस वर्षांनी तेवढ्यानं घटते.

यावर अलीकडे एक उत्तर लोकप्रिय झालंय : पूर्ण महिलांची लाइन. टाटा मोटर्सनं पुण्यात हॅरियर आणि सफारी गाड्यांच्या जुळणीसाठी दीड हजार महिलांची लाइन उभी केली. बजाजच्या चाकण कारखान्यात मोटरसायकलींच्या जुळणीवर मुली दिसतात. याचे फायदे खरे आहेत. एकदम मोठा गट येतो, म्हणून बस, स्वच्छतागृह, पाळणाघर हे सगळं परवडतं. टॉर्क मोजणारी विजेवरची हत्यारं आणि वर-खाली होणारे प्लॅटफॉर्म आले, की जोर लावायची गरज कमी होते, आणि त्याचा आराम पुरुषांच्या पाठीलाही मिळतो.

पण इथे गिरणीतली नायकीण आठवावी. बायकांच्या लाइनवर बाई सुपरवायझर होणं ही सुरुवात झाली. तिची वाट त्या लाइनच्या टोकाला संपत असेल, तर इतिहास नव्या रंगात परत आला असं म्हणावं लागेल. बऱ्याच कारखान्यांत जुळणीवरच्या मुली प्रशिक्षणार्थी किंवा ठरावीक मुदतीच्या कंत्राटावर असतात. दोन-तीन वर्षांनी करार संपतो, लग्न होतं, नवी तुकडी येते. बावीस वर्षांच्या चढणीवर दोन वर्षं टिकणाऱ्या नोकरीला काही अर्थ राहत नाही.

म्हणून एखादी कंपनी आपल्याकडे किती टक्के महिला आहेत हे सांगते, तेव्हा त्या आकड्यावर समाधान मानू नये. पुढचे प्रश्न विचारावेत. त्यातल्या किती जणी कायम आहेत? मेंटेनन्समध्ये, टूलरूममध्ये, बॉयलरवर किती? वायरमन, बॉयलर अटेंडंट, ओव्हरमन यांच्या परीक्षांना कंपनीनं यंदा कोणाला पाठवलं? बाळंतपणाच्या रजेवरून परतलेली फिटर आपल्या जुन्या मशीनवर परतली, की तिला स्टोअरच्या नोंदवहीवर बसवलं? आणि रात्री दोनला लाइन थांबली, तर ज्यांना फोन जातो त्या यादीत एखाद्या बाईचा नंबर आहे का?

२०१९नंतर खाणीत उतरलेल्या मुली जनरल मॅनेजर होऊन मोठ्या खाणी चालवतील, तेव्हा साधारण २०४० उजाडलं असेल. तेव्हाची जनरल मॅनेजर मुलाखतीतून निवडता येणार नाही. तिला आजच ब्रेकडाउनच्या पाळीला लावावं लागेल.